बॅटरी कोण पितं?

माझी जाऊ समाह गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. इजिप्तमधल्या आमच्या तांता शहरात या कामातली दुसरी बाई मी पाहिलेली नाही. तिच्या नवऱ्याचा, रगबभावोजींचा, उजवा हात लकव्यानं गेला, तेव्हा वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसून वायरी सोलणारी हीच पुढं झाली. सासऱ्यांनी मात्र बजावलं, "ईदपर्यंत गिऱ्हाईक टिकलं तर ठीक. नाहीतर गाळा त्या कोशरीवाल्याला देतो, खानावळ काढायला."

गिऱ्हाईक यायचं, "उस्ता कुठायत?" विचारायचं आणि परत जायचं. हातात कसब असलेल्याला आम्ही उस्ता म्हणतो. बाईला कुणी म्हणत नाही.

मग अशमावी आला. त्याच्या मायक्रोबसची बॅटरी रोज सकाळी मेलेली असायची. नवी घातली, तीही मेली. सगळ्या कारागिरांनी हात टेकले म्हणून तो इथं.

समाहनं बॅटरीची वायर सोडवून मध्ये छोटा दिवा जोडला. सगळं बंद असताना दिवा पेटला, तर कुणीतरी चोरून वीज पितंय. दिवा पेटलाच नाही.

समोरच्या कॉफीखान्यातून आवाज आला, "समाहबाई, महशीसाठी कोबीच्या पानात भात भरण्याइतकं सोपं नाही ते."

"भात तरी तुम्हाला कुठं जमतो, मामा?" ती मान वर न करता म्हणाली. मग अशमावीला म्हणाली, "दिवसा गाडी साव आहे. संध्याकाळी तुझ्या दारात बघते."

सोबतीला मी गेले. गाडी लावून अशमावी जेवायला आत गेला. थोड्या वेळानं त्याची आई, हाज्जा इन्साफ, दुसरी किल्ली घेऊन आली. तिनं रेडिओवर कुराणपठण लावलं, आवाज अगदी बारीक केला आणि हळूच दार लोटलं. आम्हीही रात्री घराच्या राखणीला स्वयंपाकघरात असंच लावून ठेवतो.

आम्हाला पाहून ती ओशाळली. "पोर दिवसभर रस्त्यावर असतं, गं. रात्रभर गाडीच्या कानी पडावं म्हणून लावते. पहाटे नमाजला उठले की बंद करते. त्याला सांगू नका, चिडेल."

समाहनं दिवा जोडून पाहिला. लख्ख पेटला. मला हसू येत होतं. ती हसली नाही. "लावत जा, हाज्जा. सोय मी करते."

दुसऱ्या दिवशी तिनं सीटखाली मोटरसायकलची बॅटरी बसवली, एकट्या रेडिओसाठी. इंजिन चालू असलं की ती भरायची, बंद झालं की मोठ्या बॅटरीपासून तुटायची. अशमावीला एवढंच सांगितलं, "रेडिओ रात्री वीज खायचा. आता खाणार नाही." कॉफीखान्यानं खोदून खोदून विचारलं, तरी हाज्जाचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही.

गाडी रोज सकाळी एका झटक्यात सुरू व्हायला लागली. ईदच्या आदल्या आठवड्यात कोशरीवाला गाळा मोजायला आला, तेवढ्यात भर रस्त्यात गाडी थांबवून अशमावी ओरडला, "उस्ता समाह! मेहुण्याची गाडी आणलीय, हॉर्न मुका झालाय."

सासऱ्यांनी कोशरीवाल्याच्या हातातली टेप गुंडाळून त्याला परत दिली. "थांब रे जरा," ते अशमावीला म्हणाले, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "उस्ता जेवतायत."