हात आपटला की सोडायचं

नातू टीव्हीवर जपानी एमएमएची झुंज बघत होता. गळा आवळलेल्या पैलवानाने मॅटवर हात आपटला आणि मला सौदीतला आमचा जुबैलचा कामगार कॅम्प आठवला.

तिथे ताकाशी नावाचा जपानी फोरमन संध्याकाळी तापल्या वाळूवर गोणपाट अंथरून आम्हा कोकणी वेल्डरांना त्यांच्याकडची ही नवी झुंज शिकवायचा. लाथ, बुक्की, पकड, सगळं चालायचं. माझा दंड पिरगाळून म्हणायचा, "हात आपट! हात आपटला की समोरच्याने सोडायचंच."

आखाती युद्ध पेटलं, सायरन वाजू लागले. ताकाशीला कंपनीने विमानात बसवून घरी पाठवलं. आमचे पासपोर्ट मालकाच्या, म्हणजे कफीलच्या कपाटात. मी त्याच्या बंद दारावर दोन्ही हात आपटले. आतून आवाज आला, "यल्ला, कामावर चल!"

"आजोबा, सोडलं बघा त्याला," नातू म्हणाला.

"हो रे. तिथे सोडतात."