डबा उघडल्यास स्फोट होईल

पुण्याच्या विमानतळावर आमच्या सामानातून एक दगड जप्त करण्यात आला आणि त्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. (मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, धायरीत राहणारा माणूस. माझी कशाबद्दल तरी तक्रार नाही, हे आमच्या सोसायटीत अजून कुणी खरं मानलेलं नाही.)

झालं असं, की बंगळुरूला आमची मुक्ता बाळंत झाली. मुलगी झाली! आम्ही लगेच निघायचं ठरवलं आणि सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, डिंकाचे लाडू करायला घेतले. मुक्ता फोनवर नातीचं कौतुक दोन मिनिटं सांगायची आणि मग मूळ मुद्द्यावर यायची, "आई, लाडू झाले का गं? किती दिवस झाले, तोंडाला चवच राहिली नाहीये."

आता डिंकाचे लाडू आणि मी यांच्यामध्ये आमचे डॉक्टर उभे आहेत. साखर! सुनंदाने एकतीस लाडू वळले, एकेक बटरपेपरात गुंडाळला, स्टीलच्या डब्यात भरला आणि डब्यावर चिकटपट्टीने कागद लावला: 'डबा उघडल्यास स्फोट होईल. हुकुमावरून.' सुनंदा निवृत्त शिक्षिका. अक्षर इतकं ठसठशीत, की हॉलमधून चष्म्याशिवाय वाचता यायचं.

पण पुण्यात हयात गेलेला माणूस पाटी वाचतो, अक्षराला मनातल्या मनात मार्क देतो आणि मग जे करायचं असतं तेच करतो. चार दिवसांत मी सात लाडू खाल्ले. पाचव्या दिवशी सुनंदाने डबा नुसता उचलला आणि म्हणाली, "हलका का लागतोय हो?"

"हवा कोरडी आहे. डिंक आटतो," मी म्हणालो. (हे मी कुठून काढलं, मलाच माहीत नाही.)

त्याच संध्याकाळी सिंहगड रोडवरच्या भाजीवाल्याकडून सात बटाटे निवडून आणले. अगदी लाडवाच्या मापाचे! बटरपेपरात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवले, वर चोवीस लाडू रचले. बंगळुरूला पोचलो की "तुम्ही मायलेकी बोलत बसा, मी सामान लावतो" म्हणायचं आणि बटाटे गुपचूप काढायचे, अशी योजना होती. तीत उणीव एकच. वाटेत विमानतळ होता.

मोठ्या बॅगेत लाडवांचा चुरा होईल म्हणून सुनंदाने डबा हातातल्या कापडी पिशवीत घेतला. त्याच पिशवीत मेतकूट, बाळगुटीची पुडी आणि गुटी उगाळायची दगडी सहाण. ही सहाण मुक्ताच्या वेळची. "नातीची वस्तू त्या फेकाफेकीत टाकायची नाही," असं सुनंदाचं म्हणणं पडलं.

तपासणीला एक उंच, करड्या आवाजाच्या अधिकारी बाई होत्या. बोलण्यावरून विदर्भाकडच्या. यंत्रातून पिशवी बाहेर आली आणि त्यांनी ती थेट स्वतःसमोर ओढली.

"ही भुकटी कायची होय?"

"मेतकूट आहे. भातावर तुपाबरोबर छान लागतं," सुनंदा म्हणाली.

"बाजूले ठेवा. आन् ह्या मुळ्या?"

"बाळगुटी. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग..."

"बाजूले ठेवा. हा दगड काहून आणला?"

"दगड काय म्हणता? सहाण आहे ती! बाळासाठी."

"मावशी, यानं डोकं फुटू शकते."

सुनंदाने सहाणेकडे बघितलं, मग का कोण जाणे माझ्याकडे बघितलं. "हो, फुटू शकतं," ती म्हणाली. सहाण वेगळ्या ट्रेमध्ये गेली. माझा नेलकटरही तिच्या सोबतीला गेला. इतकं सगळं बाजूला निघालं, की पिशवी रिकामी आणि बाजू भरलेली!

"काका," मागून एक आवाज आला, "विमानाने चाललाय का बिऱ्हाड हलवताय?"

मी काहीतरी झणझणीत उत्तर देणार, तेवढ्यात बाईंनी डबा वर उचलला आणि त्यावरची पाटी मोठ्याने वाचली. हो, ती पाटी काढायची राहिली होती! 'स्फोट' हा शब्द ऐकल्याबरोबर अख्खी रांग दोन पावलं मागे सरकली. पुण्यात रांग आपण होऊन मागे सरकलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"हे कोणं लिहिलं?"

"मी," सुनंदाने चक्क हात वर केला.

"स्फोट कायचा?"

"माझा."

"कोणावर?"

सुनंदाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग त्यांचे वरिष्ठ आले. त्यांनीही पाटी वाचली. ('हुकुमावरून' दोनदा वाचलं. कुणाच्या हुकुमावरून, हे त्यांना कळेना.) डब्यावरून कसलीशी पट्टी फिरवली, ती एका यंत्रात घातली. यंत्राची काही हरकत नव्हती. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच बाई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सर, वरचे गोळे वेगळे आन् खालचे वेगळे दिसून रायले."

"वेगळे कसे असतील? सगळे या दोन हातांनी वळलेत!" सुनंदा म्हणाली.

आता बटाटे बाहेर येणार, हे दिसत होतं. आणि मी तोंड उघडलं.

"ताई, शंका असेल तर डबा ठेवून घ्या ना. नियम म्हणजे नियम. आम्ही आपले तसेच जातो."

"अहो!" सुनंदा कडाडली. "लेक बाळंतीण आहे तिथे! रोज वाट बघतेय पोरगी, आणि तुम्ही डबा टाकून निघालात?"

मला शरम वाटली. अगदी खरी वाटली. मुक्ताचा तो "लाडू झाले का गं" कानात वाजला. पण भीती शरमेला भारी पडली.

"मालकच डबा सोडून पळून रायला," बाई म्हणाल्या, "म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. उघडा."

डबा उघडला. खारीक, खोबरं, जायफळ, तळलेला डिंक, असा घमघमाट सुटला, की रांग चार पावलं पुढे आली! बाईंचा चेहराही जरा सैल झाला. "माझी आई असेच करते," असं म्हणून त्यांनी झाकण परत हातात घेतलं. "जा मावशी. घेऊन जा."

वाचलो! पण माझी बायको प्रामाणिक आहे, त्याला मी काय करू?

"नाही," ती म्हणाली. "आता पूर्ण तपासा. माझ्या लाडवांवर संशय ठेवून मी विमानात चढणार नाही!"

लाडू एकेक करून ट्रेमध्ये आले. चोवीस. मग बाईंनी पंचविसावा कागद सोडला आणि आतली वस्तू दोन बोटांत धरून वर केली. "मावशी, हाही लाडूच होय का?"

त्याला कोंब फुटला होता.

सातही बटाटे ओळीने मांडले गेले. सुनंदा ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसतं "डिंक आटतो" एवढंच म्हणाली. मागचा मघाचा तो माणूस मोबाईल काढू लागला.

विमानात बसण्याची शेवटची हाक आली. बाईंनी भराभरा लाडू भरले, मेतकूट परत दिलं, बाळगुटी दिली, बटाटेसुद्धा दिले. नेलकटरही दिला!

"आणि माझी सहाण?" सुनंदाने शांतपणे हात पुढे केला.

बाईंनी सहाणेकडे पाहिलं, सुनंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दोघं बाजूबाजूलेच बसणार ना?"

"हो."

"मग नाही देता येत, मावशी. मघाशी नियम होता म्हणून अडवली. आता मले खात्री आहे."

बंगळुरूला दारातच मुक्ताने लाडू तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दुसरा उचलला. तिच्याकडे बघून माझाही जीव भांड्यात पडला. रात्री बटाट्यांची भाजी झाली. मला वाढली नाही. (साखर!)

आता त्या तक्रारीचं. 'अतिउत्साही तपासणी' या विषयावर मी रांगेत उभ्याउभ्याच मनात सहा मुद्दे काढून ठेवले होते. पण पूर्ण विमानप्रवासात सुनंदा एक शब्द बोलली नाही, फक्त मधूनमधून आपल्या रिकाम्या उजव्या हाताकडे बघत होती. तेव्हा तक्रार रद्द केली आणि परत आल्यावर विमानतळाच्या अभिप्रायवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सुरक्षा अत्यंत चोख. प्रवासी जिवंत पोचला.'