शेवटचा शब्द परत म्हणायचा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — मध्ये थांबवू नका, नाहीतर राहूनच जाईल.

मी अकोल्यात दुचाकींच्या शोरूममध्ये विक्री बघते. मालकांनी मला अमरावतीला समुपदेशनाच्या शिबिराला पाठवलं होतं — गिऱ्हाइकाला बोलतं कसं करायचं, ते शिकायला. तिथल्या बाईंनी एक युक्ती सांगितली. समोरच्याचा शेवटचा शब्द परत म्हणायचा आणि गप्प बसायचं. माणूस आपोआप मोकळा होतो. दुःखी माणसाला आधार मिळावा म्हणून असते ही. मी या युक्तीवर गाड्या खपवल्या, सासूबाईंचे रुसवे काढले. काय हुशार समजायचे मी स्वतःला!

वैशाली माझ्या शेजारच्या टेबलावर. मैत्रीणच. एकदा डबा खाताना म्हणाली, झोप येत नाही. मी म्हटलं, "झोप येत नाही?" — आणि गप्प. तिनं सगळंच सांगितलं. छातीतली धडधड, मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या. हे फक्त तिच्या परतवाड्याच्या बहिणीला ठाऊक होतं.

"तुह्याजवळ बोललं का मले हलकं वाटते," म्हणाली.

मग मॅनेजरची जागा निघाली. ती किंवा मी. खरं तर हक्क तिचाच होता. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "वैशालीबाईले झेपंन ना?"

मी काय केलं असेल? चुगली? नाही हो. मी फक्त म्हटलं, "झेपेल...?" — आणि गप्प बसले.

"काहून? तब्येत-गिब्येत?"

"तब्येत..."

पुन्हा गप्प. 

"डोळे तारवटलेले दिसते तिचे. डोक्याच्या गोळ्या घेते का काय?"

मी मान खाली घातली. झालं काम. मी एक अक्षर खोटं बोलले नाही — असं स्वतःला कितीदा बजावलं! केसानं गळा कापणं म्हणतात, ते दुसरं काय असतं?

जागा मला मिळाली. मालक तिला म्हणाले, गोळ्या चालू असताना एवढा ताण नको. तिनं बहिणीलाच दोषी धरलं, तिच्याशी बोलणं टाकलं. मालकांची सासुरवाडी परतवाड्याचीच ना — बहीणच बोलली असणार. माझ्यावर संशयही आला नाही तिला. मी तिला पाणी दिलं. "बहीण नसेल गं" एवढंसुद्धा म्हणाले नाही.

या उन्हाळ्यात त्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं. वैशाली गेली नाही. त्या दिवशी ती माझ्या घरी बसून रडत होती — आणि मी तिचं ऐकत होते.