खालची कुस्ती

बिरदेवचा उजवा गुडघा गेला तेव्हा मी आखाड्याच्या कडेला त्याचे कपडे मांडीवर घेऊन बसलो होतो. रहिमतपूरजवळच्या एका गावची जत्रा, दोन नंबरची कुस्ती. समोरच्याचा पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, बिरदेव खाली गेला, त्याचा पाय मातीत रुतला आणि अंग तेवढं फिरलं. हलगीच्या दणक्यात लोकांना काही कळलं नाही, पण मला त्याचं तोंड दिसत होतं. मी उठून पंचांना हात केला, तर हा माझ्यावरच डाफरला, "मास्तर, बस खाली! कुस्ती चालू हाय." पुढची दोन मिनिटं तो एका पायावर लढला आणि मगच चीत झाला.

मला तो मास्तर म्हणतो, कारण मी कडेगावात शाळेत पी.टी. शिकवतो. आम्ही दोघं हिंदुराव वस्तादांच्या तालमीतले. मी लवकर बाहेर पडलो, कारण माझ्यात तो दम नव्हता. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. बिरदेवमध्ये होता. त्यामुळे मी त्याच्या कुस्त्या स्वतःच्या असल्यासारख्या बघायचो, आणि ही खोड चांगली नाही.

आमच्याकडच्या जत्रेत कुस्त्या खालून वर जातात. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजारांच्या आणि शेवटी नंबराच्या. कोणाची जोड कोणाशी लावायची ते कमिटी ठरवते. पैलवान एकेक पायरी चढतो, पण एकदा वर गेलेला पैलवान खालची कुस्ती धरत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. एकदा फलटणकडच्या एका मैदानात बिरदेवची जोड आलीच नाही. कमिटीवाले म्हणाले, पाच हजाराची एक मोकळी आहे, ती घे. त्यानं कुस्ती न धरताच कपडे चढवले आणि उपाशीपोटी गाव गाठलं. वस्तादांनी त्या रात्री स्वतःच्या हातानं बदाम वाटून त्याला थंडाई पाजली. "पोटाला मिळंल कुटंबी," ते म्हणाले, "पर उतरलेला पैलवान पुन्ना चढत न्हाई." आम्ही सगळे ते ऐकत होतो आणि ते आम्हाला अगदी पटलं होतं.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट तुटलंय. नुसतं चालण्या-फिरण्याला चालेल, पण पुन्हा मातीत उतरायचं असेल तर ऑपरेशन, आणि तेही दोन वर्षांच्या आत. खर्च एक लाख ऐंशी हजार. बिरदेव तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याची बायको संयोगिता विट्याला एका दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, मी कर्ज काढते. हा ऐकेना. "माझा खुराक तुज्या पगारातनं चालतोय, तेवढं बास. गुडघा माझा मी करीन."

आता गुडघा बांधून घरी बसलेला पैलवान कुठून पैसे आणणार? तेवढ्यात त्याचा चुलतभाऊ नाथाजी पलटणीतून सुट्टीवर आला आणि त्यानं फोनवरचा पोकर शिकवला. मला कळलं तेव्हा मी नाक मुरडलं. पत्ते म्हणजे पत्तेच, फोनवर खेळा नाहीतर देवळामागं. पण बिरदेव टेबलावर आठ-नऊ जणांत बसायचाच नाही. तो शोधायचा दोघांचा डाव. समोर एकच माणूस, आणि कुठल्याही क्षणी जवळचं सगळं पुढं ढकलायची मुभा.

"ही जोडच हाय गड्या," तो मला म्हणाला. "धा जणांत बसलं की चांगल्या पानांची वाट बगत निवांत पडून ऱ्हाता येतं. दोघांत न्हाई येत. पानं असू दे न्हाईतर नसू दे, भिडायलाच लागतंय."

आणि तो हुशार होता, हे मला सांगितलंच पाहिजे. लोक अशा माणसाची गोष्ट सांगताना तो आधीपासून खुळाच होता असं धरून चालतात. बिरदेव दोन हजार रुपये घेऊन सगळ्यात खालच्या टेबलावर बसला, एक-दोनच्या, म्हणजे डाव सुरू करायलाच एकानं एक आणि दुसऱ्यानं दोन रुपये टाकायचे. समोरचा पैज लावायला किती वेळ घेतो, कुठं घाई करतो, हे तो वहीत लिहायचा. समोरच्याचा श्वास दिसत नाही म्हणून कुरकुरायचा. खालच्या टेबलांवर लोक काहीही हातात घेऊन शेवटपर्यंत येतात. तिथं त्यानं फक्त संयमावर पैसे मिळवले. मग पाच-दहाच्या टेबलावर गेला, मग पंचवीस-पन्नासच्या. वर चढेल तशी समोरची माणसं कडक होत गेली, पण सव्वा वर्षात त्याच्याकडे तीन लाख झाले होते.

ऑपरेशन तेव्हाच करायला हवं होतं, हे आज कोणीही सांगेल. संयोगितानं सांगलीच्या दवाखान्यात दिवाळीनंतरची तारीखही धरली. पण तारखेला दोन महिने होते, आणि ऑपरेशननंतर वर्षभराच्या खुराकाचं काय, म्हणून बिरदेव पन्नास-शंभरच्या टेबलावर चढला. तिथं एका बैठकीला दहा हजार लागायचे. चढण्याआधी त्यानं मला घरी बोलावलं, वहीचं कोरं पान काढलं आणि माझ्याच हातानं लिहून घेतलं: पैसे दोन लाखांवर आले की पंचवीस-पन्नासला परत. वाद नाही. खाली त्यानं सही केली आणि साक्षीदार म्हणून माझी घेतली.

"खालच्या टेबलावर आलो की गुडघ्याचं पैसं शाबूत, आणि खेळबी चालू," तो म्हणाला. नियम शंभर टक्के बरोबर होता.

पाच आठवड्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर त्याचा फोन आला. गेलो तर तो सोप्यात पाय लांब करून बसला होता. संयोगिताची सुट्टी होती, ती आत भाकरी थापत होती. त्यानं मला फोनवरचा आकडा दाखवला. एक लाख नव्व्याण्णव हजार. निळ्या घुबडाचं चित्र लावणारा एकच कोणीतरी होता, रोज दुपारी ह्याच्यासमोर बसायचा आणि ह्याला खात होता.

"बग," बिरदेव म्हणाला. "उतरू का रं?"

वही तिथंच पडली होती. माझं अक्षर, माझी सही. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला खरंच पत्ते दिसले नाहीत, पैसे दिसले नाहीत. मला मैदान दिसलं. हा कपडे काढून खालच्या जोडीला निघालाय आणि लोक बघतायत, असं काहीतरी. मी हसलो आणि म्हणालो, "तू, आन खालची कुस्ती? वस्तादांना काय सांगू मी?"

तोही हसला. त्यानं मांडीवर शड्डू ठोकला, हळूच, आत ऐकू जाऊ नये एवढा. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना माझं तोंड कडू होतंय, पण त्या दुपारी मला फार बरं वाटलं होतं.

अकरा दिवसांत सगळं गेलं. शेवटच्या डावात त्याच्याकडे एक्का आणि नव्वी होती, खाली दोघांच्या सामाईक पानांत आणखी एक नव्वी आली, त्यानं होतं नव्हतं ते पुढं ढकललं. ह्याची नव्व्यांची एकच जोडी, घुबडाकडे दोन जोड्या होत्या. त्यात काही विशेष नव्हतं, असे डाव रोज होतात. खालच्या टेबलावर हाच डाव अडीच-पाच हजारांत संपला असता.

दिवाळीनंतर संयोगिता माझ्या घरी आली. चपला न काढता दारातच उभी राहिली. "भावजी, सांगलीची तारीख रद्द करून आले," ती म्हणाली. "ह्यांनी वहीत लिहिलं होतं म्हणं, उतरायचं म्हणून. तुमची सही हाय त्येच्यावर. त्या दिवशी तुमी आला होता, तवा काय बोलला न्हाईत का?"

"म्हणालो होतो," मी म्हणालो. "त्यानं ऐकलं नाही."

तिनं पदर खोचला. मग "व्हय, ते कुणाचं ऐकत्यात?" असं म्हणून निघून गेली. मी एवढा वाढलेला माणूस, पोरांना मैदानावर खरं खेळा म्हणून शिट्टी फुंकणारा, आणि तिच्या तोंडावर खोटं बोललो.

डॉक्टरांनी दिलेली दोन वर्षं उलटली. तोवर गुडघ्यातली गादी झिजली. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन केलं तरी माती विसरा. पोकर बिरदेवनं त्याच दिवाळीत सोडला होता; पुढं सरकारनं पैशांचे ते खेळच बंद केले, ते वाचून तो नुसता हुं म्हणाला. सध्या तो दूध संकलन केंद्रावर फॅट काढतो आणि सकाळी तालमीत बाजेवर बसून पोरांना डाव सांगतो. उठून दाखवता येत नाही, म्हणून आवाज मोठा झालाय.

यंदा माघात हिंदुराव वस्ताद गेले. सावडायला आम्ही दोघं गेलो होतो. बाकीचे परतले, आणि ओढ्याच्या कडेला दगडावर बिरदेव पाय चोळत बसला होता. चार वर्षं माझ्या छातीवर जे बसलं होतं ते मला आता पेलवेना. मी त्याला म्हणालो, "बिरदेव, त्या शनवारी मी उतर म्हणायला पायजे हुतं. माझ्यापायी तुझी कुस्ती गेली. वर संयोगिताला मी खोटं सांगितलं."

त्यानं पाय चोळायचं थांबवलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

"उतर म्हणणारं माणूस पायजे असतं," तो म्हणाला, "तर तुला शाळेतनं कशाला बोलावलं असतं? संयोगिता आत हुती की. दोन पावलांवर."

मग त्यानं हात पुढं केला, उठवायला. मी त्याला उठवलं, आणि आम्ही त्याच्या पावलाच्या बेतानं गावाकडे निघालो.