करीमचाचांनी दुकान वाढवलं त्याची गोष्ट

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की खुशाल हसणाऱ्यांतली मी. आजही ‘भूत’ म्हणायला जीभ रेटत नाही... पण त्या दुपारचं काय करायचं, ते कळत नाही.

आमचं गाव दर्यापूरजवळ. एसटी थांब्यासमोर करीमचाचांचं जनरल स्टोअर होतं – सुईपासून बैलाच्या घुंगरांपर्यंत सगळं मिळायचं. आपल्याकडे दुकान ‘बंद’ करत नाहीत, ‘वाढवतात’. चाचा तर रोज दिवेलागणीनंतर ओट्यावर येऊन मोठ्यानं सांगायचे, "दुकान वाढवलं हो... उद्या या." मग आत गप्पा छाटत बसलेल्या बायकाही मुकाट उठायच्या.

पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. गिऱ्हाईक आटलं आणि एका सकाळी दाराला कुलूपच दिसलं. चाचा कुणाला न सांगता मुलाकडे अकोल्याला निघून गेले होते.

दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईला घेऊन अमरावतीहून गावी गेले. दुकानाचं दार मोडून पडलेलं. आईला कोण उत्साह! ती आत शिरली, मागून मी. रिकामे डबे, जाळी, आणि अजूनही तोच वास – गूळ, रॉकेल, उदबत्ती. आई खाली बसून गोळ्यांची बरणी पदरानं पुसायला लागली. एक सांगायला हवं – आईला मशीनशिवाय कानाशी थाळी बडवली तरी ऐकू येत नाही. आणि घामानं बिघडतं म्हणून ते मशीन माझ्या पर्समध्ये होतं.

एकाएकी तिनं मान वर केली. "हो भाऊ, निघतो आमी," म्हणाली आणि माझं मनगट धरून मला ओढतच बाहेर आली. मी वैतागून हातानंच विचारलं, काय झालं?

"करीमभाऊनं दुकान वाढवलं म्हनलं नं. आयकू नाही आलं का तुले?"

तिचं वाक्य संपतंय तोच आतलं छताचं आढं मातीसकट कोसळलं. आई बसली होती, नेमकं तिथेच. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही रस्त्यावर एकमेकींना धरून उभ्या होतो. माझे कान शाबूत, पण मी काहीच ऐकलं नव्हतं.

चाचा आसपास कुठेच दिसले नाहीत, म्हणून आईच्या हट्टानं आभार मानायला अकोल्याला गेलो. चाचा आदल्या वर्षीच वारले होते. चाची सांगत होत्या, शेवटी शेवटी त्यांनी एकच ध्यास घेतला होता – शरमेपायी अंधारात गाव सोडलं, दुकान वाढवलं म्हणून सांगायचंच राहिलं, लोक येऊन परत जात असतील.

आईनं चाचींचे हात हातात घेतले. "सांगितलं त्यायनं," ती म्हणाली. "मले सांगितलं."

मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. आई समोर वाती वळत बसलीये, म्हणून शोधायची घाईही नाही. करीमचाचा, तुमचे फार उपकार आहेत.