समोरच्या इमारतीचं समाधान

कॅनडातल्या स्कारबरोत शहराच्या मालकीच्या, कमी भाड्याच्या घरांच्या दोन जुळ्या इमारती होत्या. एक मी सांभाळायचो आणि पार्किंगपलीकडची एक जमैकन बाई. विटा त्याच, लिफ्ट एकाच कारखान्यातल्या, झुरळंसुद्धा बहुधा एकाच खानदानातली. पण दरवर्षी भाडेकरूंच्या समाधानाचा सर्व्हे झाला, की तिची इमारत आभाळाला टेकायची आणि माझी बेसमेंटमध्ये लोळायची. मला हेवा वाटायचा असं म्हणणं म्हणजे कॅनडात जरा गार असतं म्हणण्यासारखं आहे. बाईचं नुसतं हसू पलीकडून ऐकू आलं तरी माझं पित्त खवळायचं.

त्या वर्षी वरच्या साहेबांनी जाहीर केलं, की ज्याचे भाडेकरू जास्त समाधानी, त्याच्याकडे वसंतात दोन्ही इमारती जाणार. हरलेला जिंकलेल्याच्या हाताखाली. म्हणजे मी तिला रजेचा अर्ज देणार आणि ती हसत सही करणार. माझी झोपच उडाली.

मग मी लॉबी अशी घासली, की पोस्टमन फरशीत बघून भांग पाडायला थांबू लागला. जिने रंगवले. सर्व्हेच्या आठवड्यात बायकोला हाताशी धरून एवढे बटाटेवडे तळले, की वासानं हायवेवरची वाहतूक मंदावली. शपथेवर सांगतो. लोक वडे खायचे, पाठीवर थाप मारायचे. कुणी नळाचं काढलं, कुणी हीटरचं, की मी प्रेमानं म्हणायचो, उद्या बघतो. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं आमच्या घरात शिवीच्या जवळचं मानायचे.

जानेवारीत निकाल आला. ती पुन्हा वर. मी मागच्या वर्षीपेक्षाही खाली.

बाईनं काहीतरी चलाखी केली असणार, म्हणून मी चोरासारखा तिच्या लॉबीत घुसलो. फरशीवर बुटांचा चिखल, भिंतीचे पोपडे. मला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग टपालपेट्यांशेजारी एक कागद दिसला. कुठल्या घरातलं कुठलं काम अडलंय, का अडलंय आणि कधी होईल, सगळं लिहिलेलं. बहुतेकांपुढे 'अजून नाही'. स्वतःची अब्रू भिंतीला टाचून ठेवली होती बाईनं, आणि लोक ती निवांत वाचून लिफ्टकडे जात होते.

मी तडक माझ्या इमारतीत सातव्या मजल्यावर गेलो. तिथे नागपूरच्या एक मावशी राहायच्या, निवृत्त नर्स. सगळ्यांत जास्त वडे त्यांनीच खाल्ले होते. मला किती मार्क दिलेत, असं मी विचारलंच.

"पाचातले दोन," त्या म्हणाल्या.

"मावशी, अहो, आणि वडे?"

"वडे झकास होते रे बाप्पा. पण ही खिडकी बघ, वारा कसा येऊन राहिला. मागच्या थंडीपासून तू उद्या म्हणतोस. मी रोज आंघोळ करून बसते, तुझा माणूस येईल म्हणून. देवळात जाणंही सोडलं. समोरच्या इमारतीतल्या माझ्या मैत्रिणीला त्या बाईनं तोंडावर सांगितलं, मेच्या आधी होणार नाही. तिनं प्लास्टिक आणलं, खिडकीला चिकटवलं, अन् मोकळी झाली."

मी खाली ऑफिसात जाऊन खिडक्यांच्या कंत्राटदाराला फोन लावला. तो म्हणाला, जूनच्या आत शक्य नाही. मग सात मजले जिन्यानं चढलो, लिफ्ट चालू असूनही, कारण ते वाक्य घेऊन लवकर पोचायचं नव्हतं.

"मावशी, जूनच्या आधी होणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शिव्यांची वाट बघत मी उभा. त्या आत गेल्या आणि प्लास्टिकची गुंडाळी घेऊन आल्या. कधीची आणून ठेवली होती, माझ्या उद्यावर विसंबून उघडली नव्हती. एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

"हे त्या बाईकडून शिकलास ना?"

"छे. माझं मलाच सुचलं."

"खोटं बोलू नको. नीट धर."

आम्ही कडांना टेप लावली. मावशींनी हेअर ड्रायर फिरवला तसं गरम हवेनं प्लास्टिक आक्रसून ताठ झालं, वारा थांबला, आणि पार्किंगपलीकडची ती इमारत जरा धूसर दिसू लागली. त्या आठवड्यात मला तेवढंच काय ते बरं वाटलं.