कागदावरचं किराणा दुकान

बारावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजला जायचं असं मुलीने जाहीर केलं, तेव्हा गेवराईतल्या कुठल्याही किराणा दुकानदार बापाने विचारला असता तोच प्रश्न मी विचारला. "त्यात शिकवतात काय?"

"सांगून कळणार न्हाई पप्पा. आमच्या मॅडमच्या क्लासला बसा, मग ठरवा."

प्रवेशाची मुदत महिन्याभरावर होती. मी सौदा केला. दर रविवारी बसतो. त्यात काही आहे असं मला वाटलं तर कॉलेज, नाही तर गुपचूप फार्मसी. ती लगेच "चालेल" म्हणाली. तिथेच मला धाकधूक सुरू झाली.

क्लास मॅडमच्या घराच्या वरच्या खोलीत भरायचा. सतरंजीवर शाळेची पोरं आणि मधोमध मी, कपाळाला भस्म लावून, गुडघे कुरकुरत मांडी घातलेला. मुलगी तिथे लहानांना शिकवायला मदत करायची. घरात मी तिला ओरडतो, तिथे ती मला "पप्पा, ब्रश आधी धुवा" म्हणायची.

काम सोपं वाटलं. कागद रंगवायचे, वाळले की त्यांचे आकार कापायचे आणि पांढऱ्या कागदावर मांडून बघायचे.

"कशाचं चित्र नको," मॅडम म्हणाल्या. "घर नको, डोंगर नको. नुसते आकार. समतोल साधला की मग चिकटवा."

"साधला हे कळायचं कसं?"

"कळतं, काका."

ह्या "कळतं"ने माझी झोप घालवली. समतोल मला शिकवता? तराजू धरून जन्म गेला माझा. इकडे एक त्रिकोण, तिकडे एक त्रिकोण, इकडे लाल, तिकडे लाल, मधे गोल. शेजारची चौथीतली पोरगी वाकून बघत ओरडली, "ताई, काकांनी लग्नाचा मंडप केला!"

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "दोन्हीकडे सारखंच असलं की नजर हलत नाही ना, काका."

माझी नजर तर एका जागी ठरतच नव्हती. घड्याळ, जिना, फोन. दुकानातून बायकोचा फोन, "अहो, साबुदाणा कुठं ठेवलाय?" साबुदाणा सांगितला, परत बसलो, तर कोणता तुकडा कुठे होता तेच विसरलो. घरी जेवतानाही लोणच्याची फोड ताटात कधी भाताजवळ, कधी कडेला सरकवत बसलो. बायको म्हणाली, "जेवताय का खेळताय?"

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दारातल्या मुरमुऱ्यांच्या पोत्याकडे लक्ष गेलं. केवढं ते पोतं! आणि पलीकडे गुळाची एवढीशी ढेप. पण उचलायला गेलं तर ढेपच भारी. रविवारी मी एका बाजूला मोठा फिका पिवळा आकार ठेवला आणि पार दुसऱ्या कडेला गडद तपकिरी, छोटा. मॅडम येऊन थांबल्या. मुलीचाही हात थांबला.

"काका, छान! आता हात लावू नका."

नेमकं तेच जमेना. मधे एवढी पांढरी जागा! माल संपला तर रिकामे खोके मांड, पण फळी मोकळी दिसू देऊ नको, असं वडिलांनी मला शिकवलेलं. मी हिरवी पट्टी ठेवली. ती एकटी बरी दिसेना म्हणून दोन गोल. मॅडम फिरून येईपर्यंत कागद गच्च.

"पप्पा," मुलगी हळूच म्हणाली, "दिवाळीचा माल आला का?"

शेवटच्या रविवारी क्लास सुटला तरी मी तुकडे हलवतच होतो. पट्टी काढायची, परत ठेवायची. मुलगी दाराशी उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"चला ना पप्पा. लई उशीर झालाय."

"थांब जरा."

"काय ते सांगून टाका. मी रडणार न्हाई." आवाज मात्र आत्ताच ओला झालेला.

"मला न्हाई जमलं," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली. "मंजी फार्मसी."

"कावून फार्मसी? माल मांडण्यात जन्म गेला माझा, तरी एवढासा कागद मांडता येईना मला. मंजी शिकायची गोष्ट हाय ही. आपल्या घरात कुणाला तरी यायला पायजे."

ती खालीच बसली. मग एकदम, "उद्याच जायचं प्रवेशाला?"

"उद्या बाजारचा दिवस..."

"पप्पा!"

"बरं, उद्या."

ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली, आईला फोन लावतच. मी तिच्यामागे निम्म्या जिन्यात आलो आणि अडलो. तपकिरी तुकडा जरासा वर घेतला असता तर? मी पुन्हा वर चढलो.

खालून आवाज आला, "आता काय ऱ्हायलं, पप्पा?"